पडद्यावर हात हलवून झाले, पुढं काय?

परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल झाला की आपल्याकडं त्याची बातमी होते. फेटे, लेझीम, दोन्हीकडून एकेक गाणं, एका मुलीचं पाठ केलेलं इंग्रजी भाषण आणि शेवटी सगळ्यांनी हात हलवायचे. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारा, तिकडच्या मुलांबद्दल काय कळलं? 'त्यांच्या वर्गात गालिचा होता' याच्या पुढं कुणी जात नाही. पोरांचा यात काही दोष नाही. आपण त्यांना एकमेकांना नुसतं दाखवलं, मिळून करायला काम दिलंच नाही.

मी करवीर तालुक्यात नदीकाठच्या झेडपी शाळेत शिकवतो. जगातले वर्ग इंटरनेटनं जोडले जावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. दोन वर्ग जोडायचे तर मध्ये असा एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर एकट्या वर्गाला मिळवता येणार नाही. समोरच्याची गरज पडली की ओळख आपोआप होते.

नकाशात कोल्हापूरवर बोट ठेवा आणि सरळ उत्तरेला जा. राजस्थान, लाहोर, काश्मीर ओलांडून बोट किर्गिझस्तानात बिश्केकला पोचतं. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळं सूर्य डोक्यावर येतो तोही जवळजवळ एकाच क्षणी. मार्चमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास आपल्याकडं दुपारी 12:40 वाजता, त्यांच्या घड्याळात 1:10 ला. तेव्हा मैदानात मीटरभर काठी सरळ उभी केली तर कोल्हापुरात तिची सावली साधारण 30 सेंटीमीटर पडते. बिश्केकला तीच काठी 93 सेंटीमीटरच्या आसपास सावली देते. वहीत प्रमाणात त्रिकोण काढायचा, कंपासपेटीतल्या कोनमापकानं काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन मोजायचा. आपला 17 अंश, त्यांचा 43. फरक 26 अंशांचा आणि दोन शहरांतलं अंतर सुमारे 2,900 किलोमीटर. 26 अंशांना एवढं, तर 360 अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की उत्तर 40 हजारांच्या जवळ येतं. पृथ्वीचा परीघ! एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये जे केलं, ते सातवीची पोरं करतील. आणि बिश्केकच्या वर्गाचा आकडा आल्याशिवाय हे गणित पुढं सरकत नाही, ही यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 'सर, त्यांचा मेसेज आला का?' असं पोरं विचारायला लागली की समजावं, वर्ग जोडले गेले.

पण मला जास्त जवळचा विषय पुराचा. जुलैत कोल्हापूरचं शेंबडं पोरही सांगेल, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी आमच्या गावाला पाण्यानं वेढा घातला. आज माझ्या वर्गात बसलेली पोरं तेव्हा खूप लहान होती, तरी जनावरं कुणाच्या गोठ्यात नेली, आजीला नावेत कसं बसवलं, हे सगळं त्यांना आठवतं.

त्याच 2021 च्या जुलैत, आपल्यापेक्षा आठवडाभर आधी, नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात मास नदी आणि तिच्या उपनद्या पात्राबाहेर आल्या होत्या. वाल्केनबर्ग नावाच्या छोट्या गावात रस्त्यारस्त्यातून पाणी वाहत होतं. तिथंही आज त्याच वयाची मुलं शाळेत बसतात. या दोन वर्गांना एकच काम देता येईल. आपापल्या गावात पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा शोधा, जमिनीपासून उंची मोजा, किती तास किंवा किती दिवस राहिलं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि नकाशावर मांडा. मग नकाशे शेजारी ठेवा. त्यांच्याकडं उतारावरच्या लहान नदीचं पाणी झपाट्यानं चढलं आणि लवकर उतरलं. आपल्याकडं ते दिवसच्या दिवस तुंबून राहिलं. असं का? या 'का'चं उत्तर शोधताना पोरं नदीचा उतार, धरणाचे दरवाजे, नरसोबाच्या वाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम, वळणं, भराव सगळं शिकतील. 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर डच लोकांनी मोठ्या नद्यांकाठी काही ठिकाणी बांध मागं सरकवून नदीला जागा करून दिली, हे त्यांना कळेल. मग ती आपल्याकडच्या पूररेषेतल्या बांधकामांबद्दल घरी प्रश्न विचारतील. विचारायलाच हवेत.

याला पहिला आक्षेप इंग्रजीचा येतो. आमच्या पोरांना इंग्रजी बोलता येत नाही, मग कसं जमणार? लिम्बर्गच्या मुलांचीही ती घरची भाषा नाही आणि बिश्केकच्या मुलांचीही नाही. आकडे, नकाशे, चित्रं, फोटो यांना फारशी भाषा लागत नाही. बाकीचं पोरांनी मराठीत लिहावं, फोनवरून भाषांतर करावं आणि शिक्षकानं पाठवण्याआधी नजर टाकावी. हे काम इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळांपुरतं राहिलं तर मला फार वाईट वाटेल. 1917 साली ज्या संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या कोल्हापुरात तरी तसं होऊ नये. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा ठिकाणची मुलं ऑनलाइन एकत्र आणली. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. झेडपीचा मास्तर हे करू शकतो, याला आणखी काय पुरावा पाहिजे?

दुसरा आक्षेप रेंजचा, आणि तो खरा आहे. पावसात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं वीज गेली की सगळंच बंद. पण समोरासमोर कॉल हवाच कशाला? 1988 मध्ये, शीतयुद्ध संपलेलं नसताना, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकावरून जोडल्या गेल्या आणि त्यातूनच पुढं आयअर्न हे जगभरच्या शाळांचं जाळं उभं राहिलं. त्याच्याही आधी, 1920 च्या दशकात, फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने मुलांनी वर्गात स्वतः छापलेले मजकूर टपालानं दुसऱ्या शाळेला पाठवत. आपल्याकडं निदान गुरुजींच्या खिशात एक फोन आहे. फोटो आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा, रेंज आली की जातील. वेळेच्या फरकाचा प्रश्नही त्यातच सुटतो.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. मुलांचे चेहरे, पूर्ण नावं, घरचे पत्ते बाहेर जाता कामा नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची केली आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. सावलीचा फोटो पाठवताना पोराचा चेहरा कशाला लागतो?

आणि अधिकाऱ्यांना एक कळकळीची विनंती. याचा 'उपक्रम' करून फोटो, लिंक आणि अहवाल मागू नका. आठवड्यातून भूगोलाचे आणि गणिताचे दोन तास यासाठी वापरायची मोकळीक द्या, तेवढं पुरे.

येत्या 20 मार्चला आमच्या मैदानात काठी उभी करायची आहे. 21 ला किर्गिझस्तानात नूरुजची, म्हणजे नववर्षाच्या सणाची, सुट्टी असते, म्हणून आदला दिवस. तिकडच्या शाळेशी जुळलं नाही तर दिल्लीजवळची एखादी शाळाही चालेल, सावलीत चांगला 24-25 सेंटीमीटरचा फरक पडतो. जिल्ह्यातल्या ज्या शिक्षकांना त्या दिवशी आपल्या शाळेत मोजमाप घ्यायचंय, त्यांनी फेब्रुवारीअखेर मला कळवा. काठी, ओळंबा आणि मीटरपट्टी एवढंच सामान लागेल.