माझी म्हैस पाण्याबाहेर होती

नमस्कार काका,

जुनी बोट कशी घ्यावी या ब्लॉगवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “सर्व्हेयर (बोट तपासणारा तज्ज्ञ) न लावता चाळीस वर्षांची शिडाची बोट घेतलीत, वर लोकांनाही तेच शिकवताय. हा पाण्यातल्या म्हशीचा सौदा झाला. आणि ट्रेलरबद्दल फक्त एक ओळ?” तुमची हयात मर्चंट नेव्हीत गेली आहे, तेव्हा ‘प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद’ एवढ्यावर सुटणं बरं दिसणार नाही.

आधी वयाचं. बोट कॅटालिना २२, साल १९८६. जाहिरातीत १९८९ लिहिलं होतं. पण इथे अमेरिकेत बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वर, बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो आणि या काळातल्या बोटींवर त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. ते निघाले ८६. मालकाला ते आकडे दाखवले, तेव्हा त्याने मुकाट्याने शंभर डॉलर कमी केले. हे मॉडेल १९६९ पासूनचं. पंधरा हजारांवर बोटी निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही घरपोच येतात. फायबरग्लास काही लाकडासारखं कुजत नाही. कुजतं ते डेकच्या पोटातलं प्लायवूड, स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून. बाजारात नारळ वाजवून घेतो तसा मी सगळा डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवत गेलो. सगळीकडे कोरडं ‘टक टक’, आणि पुढच्या क्लीटपाशी (दोर बांधायच्या खुंटीपाशी) वीतभर जागेत ‘थप’. तिथे पाय दिला तर किंचित दबतही होतं. त्याचे आणखी दोनशे कमी करून घेतले.

आता सर्व्हेयर. ट्रेलर आणि आउटबोर्ड इंजिन धरून बोट पडली २,४०० डॉलरला. सर्व्हेयरने फोनवर फी सांगितली ५५०. पंधरा हजारांची बोट असती तर मीही डोळे मिटून दिली असती. इथे नाही दिली, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ती तुमच्याही नजरेतून सुटली. माझी म्हैस पाण्याबाहेर होती, चांगली ट्रेलरवर उभी होती, तरी तिचे पाय मला दिसले नाहीत.

या बोटीची कील, म्हणजे बुडाखालचं वजनदार पातं, बिडाची, अंदाजे अडीचशे किलोची. पुढच्या टोकाला एका पिनेवर लटकते, मागचं टोक केबलने वर-खाली होतं. वर घेतली की बोट दोन फूट पाण्यात चालते, खाली सोडली की पाच फूट लागतं. लेक सेंट क्लेअरसारख्या उथळ तळ्यात ही चैनच आहे. पण ट्रेलरवर कील वर घेऊन टेकवलेली असते आणि पिनेची जागा बुडाच्या खाचेत गडप. मी बॅटरी घेऊन पाठीवर झोपलो, मान वाकडी केली, दिसला फक्त गंज आणि वाळलेलं शेवाळ. मालक म्हणाला, “पिन बदललीय.” मी मान डोलावली.

पहिल्याच शनिवारी नांगर टाकून झोपलो आणि रात्रभर बुडाखालून खट्… खट्. लाट आली की कील आडवी हलून आपटायची. सोमवारी यार्डात क्रेनच्या पट्ट्यांवर बोट उचलून घेतली, पिन काढली. तिच्यावर खाच पडलेली, अंगठ्याचं नख आरामात बसेल एवढी. कीलमधलं भोकही गोल राहिलेलं नव्हतं. केबलच्या तीन तारा तुटून ब्रशसारख्या उभ्या! ती केबल पाण्यात तुटली असती तर अडीचशे किलो एकदम खाली, आणि मग बुडाचं काय झालं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

उचलण्याचं भाडं १५० डॉलर. हेच पैसे बोट घेण्याआधी खर्च करायला हवे होते. ट्रेलरवरच्या बोटीची पिन सर्व्हेयरलाही दिसली नसती, कारण तोही माझ्यासारखाच पाठीवर झोपला असता. म्हणून लेखात आता बदल केलाय : हलत्या कीलची बोट घेताना माणसाच्या आधी क्रेनवर खर्च करा, आणि मालकाला सांगा की कील लोंबकळताना बघितल्याशिवाय पैसे नाहीत. उचलल्यावर कीलचं टोक धरून दोन्ही बाजूंना हलवायचं. हात लगेच सांगतो.

ट्रेलरबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. टायरची नक्षी नव्यासारखी होती म्हणून मी खूश. बाजूवरचे चार आकडे वाचले असते तर २३०९ दिसलं असतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. आय-७५ महामार्गावर एक टायर फुटला तेव्हा वाचले. जॅक गाडीचा होता, ट्रेलरखाली बसेना. बायको दोन तास रस्त्याकडेला उभी राहून जे बोलली ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. चाकाचं बेअरिंग तापलंय का, तेही पुढच्या पेट्रोल पंपावर हात लावून बघितलं. तिथे नशीब चांगलं होतं, नुसतं कोमट होतं.

शेवटी तुम्ही खवचटपणे विचारलंत, ही बोट पुढे कुणाच्या गळ्यात बांधणार? दोन वर्षांनी विकायची आहे. जुनी पिन गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय, येईल त्याला आधी ती दाखवीन. क्रेनचं भाडं मात्र त्याचं.