रंकाळ्यावर चालणाऱ्यांचं मासिक

कोल्हापुरातले माझे काही मित्र आरोग्य आणि व्यायामाचं एक स्थानिक मासिक काढताहेत. त्यात डॉक्टर आहेत, जिम चालवणारा आहे, डीटीपी करणारा आहे. त्यांनी ग्रुपवर दोन डमी मुखपृष्ठं टाकली. एकावर विकत घेतलेल्या फोटोतला गोरा, पीळदार पोटाचा तरुण, मागं सगळं काळं, मासिकाचं नाव रोमन लिपीत. दुसऱ्यावर रंकाळ्याच्या काठानं नऊवारीत, पायात कॅनव्हासचे बूट घालून चालणारी पन्नाशीची बाई. मतं पहिल्याला पडली. कारण एकच: "इंटरनॅशनल वाटतंय. बाहेर असंच असतंय." मी विरोध केला तेव्हा एकानं लिहिलं, "तू तिकडं बसून आम्हाला गावठी ठेवायला निघालास काय?"

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी त्या "बाहेर"मध्येच राहतो, जर्मनीत लाइपझिगला. इथं आमच्या इमारतीत घराघरात दिसणारं आरोग्याचं नियतकालिक म्हणजे आपोटेकन उम्शाऊ. १९५६पासून निघतंय, महिन्यातून दोनदा, औषधाच्या दुकानात काउंटरवर फुकट मिळतं. ब्राव्हो हे इथलं पोरासोरांचं मासिक, म्हणून तरुण पोरं याला पेन्शनरांचं ब्राव्हो म्हणून हिणवतात. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र त्यातलं गुडघ्याच्या व्यायामाचं पान कापून फ्रिजवर लावतात आणि चहा गाळता गाळता त्यातलं चित्र बघून पाय उचलतात. पीळदार पोटांची मासिकं हाउप्टबानहोफवरच्या, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनातल्या, दुकानात इथंही टांगलेली असतात, मान्य आहे. ती मी कुणाच्या स्वयंपाकघरात पाहिलेली नाहीत.

मे २०२५मध्ये आमच्या शहरात टूर्नफेस्ट, म्हणजे जिम्नॅस्टिक्स-व्यायामाचा मोठा मेळा, भरला होता. सत्तरीच्या बायका एकसारखे टी-शर्ट घालून आपापल्या फेराइनच्या (क्लबच्या) नावानं ट्राममधून मिरवत होत्या. व्यायाम करणारं शरीर कसं दिसतं याची त्यांची कल्पना माझ्या मित्रांच्या पहिल्या मुखपृष्ठाशी कुठंच जुळत नव्हती.

आणि आपण कुणाकडून चित्रं उसनी घेतोय? १९३६ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि तयार झाले कोल्हापुरात. २०२४ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबाग हे कुस्तीचं मैदान उभारलं, पेठेपेठेत तालीम आहे आणि तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ खेळतात, त्या गावाच्या मासिकाला मुखपृष्ठासाठी फोटो विकत घ्यावा लागतो, याचा मला राग येतो. लाल मातीतल्या पैलवानाचे कान, पहाटे जोर मारणारी पोरं, रंकाळ्यावर घाम पुसत गप्पा मारणारे निवृत्त मास्तर: एक चांगला फोटोग्राफर आठवडाभर फिरवा, वर्षभराची मुखपृष्ठं मिळतील.

पण मुखपृष्ठापेक्षाही मला आतल्या पानांची काळजी वाटते. डमीत मजकूर दहा पॉइंट आकाराच्या अक्षरात लावलाय, कारण नमुना म्हणून समोर इंग्रजी मासिक ठेवलं होतं. देवनागरीला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षरं सांभाळायची असतात, त्यामुळं त्याच पॉइंटात अक्षराचा मधला भाग बारीक पडतो. बारा-तेरा पॉइंट आणि ओळींमध्ये सैल अंतर हवंच. निवडलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. राज्य सरकारनं २००९च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलंय आणि मराठी वळणाचे चांगले फॉन्ट आज सहज मिळतात. काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत रक्तदाबाची माहिती छापलीय. शाई जरा पसरली की मात्रा बुजल्या. ज्याला ती माहिती हवी, तो साठीचा आहे, चष्मा लावतो आणि ट्यूबलाइटखाली वाचतो.

कागद गुळगुळीत आर्ट पेपर घेताहेत. साखरेची आणि रक्तदाबाची नोंद करायला एक कोरा तक्ता द्यावा असं मी सुचवलं, ते सगळ्यांना पटलं. पण त्या कागदावर पेनाची शाई धड वाळत नाही. ऐंशी जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद, घ्या, स्वस्तही पडेल. पाठीला गोंद लावणाऱ्या परफेक्ट बाइंडिंगऐवजी मधोमध पिन मारा म्हणजे अंक सपाट उघडेल. ए४च्या जोडपानावर ज्वारीची भाकरी खऱ्या आकारात छापता येते. "एक भाकरी खा" असं डॉक्टर सांगतात तेव्हा केवढी, हे कुणीच सांगत नाही. किन्वा आणि अव्होकाडोच्या पानाला चारही रंग दिलेत आणि नाचणीच्या आंबिलाला कोपऱ्यात चौकट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ला ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केलीत, ती समोर ठेवून वाटी आणि डावाच्या मापात लिहा की.

सगळ्यात वाईट उचलेगिरी तक्त्यांची झालीय. डमीत वजनाचा तक्ता परदेशी आहे, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५पर्यंत हिरवा रंग. भारतीयांसाठी धोक्याची रेषा २३ला सुरू होते. पुरुषांच्या कमरेचं मापही युरोपीय लोकांना ९४ सेंटीमीटर आणि आपल्याला ९० धरतात, कारण आपली चरबी पोटात साठते आणि साखर लवकर चढते. म्हणजे "इंटरनॅशनल" दिसण्यासाठी घेतलेला तो हिरवा रंग कोल्हापुरातल्या वाचकाला खोटा दिलासा देणार आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा बीएमआय २४ आहे. इथल्या हाउसआर्त्सनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, तक्ता बघितला आणि "उत्तम" म्हणाला. इथं जर्मनीच्या पूर्वेकडं रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात, आपल्याकडं मिलिग्रॅममध्ये. तो आकडा घेऊन मी घरी येतो, १८नं गुणतो, आणि मग भावाला फोनवर सांगतो. भाऊ म्हणतो, "जरा जास्तच की रे." मी हिंडतो इथल्या पार्कात, क्रांकनकासं (आरोग्य विमा) इथली, योगाचा वर्गही फोल्क्सहोखशूलं या इथल्या प्रौढशिक्षण केंद्राचा, जिथं शवासन मला जर्मनमध्ये शिकवतात. पण माझ्या स्वादुपिंडाला लाइपझिगचा पत्ता माहीत नाही. त्याला लागू पडणारा तक्ता कोल्हापुरातच छापला जायला हवा. म्हणून हे मासिक नीट व्हावं असं मला वाटतं; ते माझ्यासाठीही आहे. मित्रांना हे सांगवत नाही. त्यांच्या लेखी मी सुटलेला माणूस आहे, आणि सुटलेल्यानं मत द्यायचं नसतं.

गावठी ठेवायचा आरोप मला म्हणून झोंबला. मी निघालो तेव्हाचं गाव मला जसंच्या तसं हवंय, असं त्यांना वाटतं. थोडं खरंही असेल. तालमीतली माती आठवते आणि आतून काहीतरी हलतं, हे मी लपवत नाही. पण बारा पॉइंटाचं अक्षर आणि २३चा आकडा यांचा माझ्या आठवणींशी काही संबंध नाही.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या पावडरची पानभर जाहिरात मलपृष्ठावर ठरलीय. तिच्यावरच कागदाचा खर्च निघतो, असं म्हणतात. उम्शाऊही औषधांच्या जाहिरातींनी भरलेला असतो, पण इथं औषधाच्या जाहिरातीखाली धोके आणि दुष्परिणामांबद्दल विचारा ही ओळ छापावीच लागते. आपल्याकडं १९५४चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे. जे डॉक्टर संपादक मंडळात आहेत त्यांना हे मी सांगायला नको होतं. त्या एका पानाचे पैसे मी देतो, असं त्यांना कळवलंय.

मुखपृष्ठाचा निकाल ग्रुपवर लावू नका. दोन्ही डमी छापा आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नंबर लावून बसलेल्यांच्या हातात द्या. कुठला अंक आधी उघडतात, कुठल्या पानावर चष्मा पुढं-मागं करतात, नोंदीचा तक्ता भरता येतो का, एवढंच बघा. त्यांनी पीळदार पोटवाला निवडला तर मी गप्प बसेन.