पाचशेची नोट आणि पाच लाखांचे काका

एटीएममधून निघालेली माझी पाचशेची नोट वाण्याने उजेडात धरली, उलटसुलट केली आणि "सर, ही नको, दुसरी द्या," असे म्हणत दोन बोटांनी काउंटरवर अशी काही सरकवली की, मागच्या रांगेने ती मीच घरी छापली असावी अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. ज्या नाशिकरोडला 1928 पासून खुद्द सरकार नोटा छापत आले आहे, तिथे संशय यावा तो माझ्यावर!

नोटेत दोष होता, हे खरे. छपाईच्या वेळी कागदाला घडी पडलेली असावी. ती उलगडल्यामुळे वरच्या डाव्या कोपऱ्यातला क्रमांक मधोमध दुभंगला होता आणि तिथून गांधीजींच्या खांद्यापर्यंत एक कोरी, पांढरी पट्टी तिरकी गेली होती. मी दुसरी नोट काढणार, तोच रांगेतून एक काका पुढे आले.

"ही नोट कोणालाही दाखवू नका," असे त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला बजावले, आणि लगेच ती माझ्या हातून घेऊन मागच्या दोघांना दाखवली. काकांचे साडू नोटांच्या प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रत्येकाचे कोणी ना कोणी प्रेसमध्ये असतेच; माझे कोणी नाही, त्यामुळे मला गप्प बसणे भाग होते.

"नंबरात 786 आहे का?"

नव्हते.

"ट्रॅक्टर?"

पाचशेच्या नोटेवर ट्रॅक्टर नसतो, लाल किल्ला असतो, असे मी नम्रपणे सांगितले.

"म्हणजे तर आणखीच दुर्मीळ!" काका म्हणाले. "पाच लाख. कमीत कमी."

"मग तुम्हीच घ्या, काका. पाचशेला देतो."

दुकानातल्या सगळ्यांचे डोळे काकांकडे वळले. ते मुळीच विचलित झाले नाहीत. हल्ली आपण रोख बाळगतच नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र नोट प्रथम ओळखली त्यांनी, तेव्हा विक्रीनंतर दहा टक्के त्यांचे, हेही वाण्याच्या साक्षीने ठरवून टाकले. हे बोलत असताना, नुकताच तंबाखूला चुना चोळलेला आपला अंगठा ते त्या पांढऱ्या पट्टीवरून प्रेमाने फिरवीत होते.

हे लाखांचे आकडे लोकांच्या डोक्यात कोण भरवते, हे उघड आहे. ट्रॅक्टरची पाच रुपयांची जुनी नोट द्या आणि लखपती व्हा, अशा जाहिराती फोनवर येतच असतात. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांबद्दल त्या बँकेला 2021 च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध करावे लागले होते. क्रमांकात तारा असलेली नोट सापडली की आपल्याला घबाड मिळाले असे कित्येकांना वाटते. वास्तविक छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी बदली म्हणून घातलेली ती नोट असते आणि बाजारात तिची किंमत बहुधा तिच्यावर छापलेली असते तेवढीच. याउलट, जानेवारी 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना बँकेतून गांधीजींचे चित्रच नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या, तेव्हा त्या खऱ्या असून छपाईत चुकल्या आहेत, असे सांगून बँकेने त्या परत घेतल्या. संग्राहकांनी ज्यांच्यासाठी खरोखर रांग लावली असती अशा त्या नोटा. पण त्या रांगेत आमचे काका नव्हते.

पाच लाखांवर माझा विश्वास नव्हता. तरीही, पाच हजार तरी, या विचाराने मी एका नाणी-नोटांच्या व्यापाऱ्याकडे गेलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी भिंग लावले, मोजपट्टी काढून नोटेची लांबी मोजली. पाचशेची नोट 150 मिलिमीटर लांब असते. कापण्याच्या वेळीही घडी तशीच राहिली असती, तर उलगडल्यावर नोटेला जादा कागदाची जीभ फुटली असती आणि तिचा भावही चढला असता. माझ्या नोटेला जीभ नव्हती. एकाच नोटेवर दोन वेगळे क्रमांक असते, तर गोष्ट निराळी होती, असेही ते म्हणाले. घडीची चूक त्यातल्या त्यात नेहमीची. पण ही अस्सल आहे, छापखान्यातलीच आहे, नंतर कोणी रसायनाने शाई उडवलेली नाही, कारण घडीच्या दोन्ही कडांशी नक्षी बरोबर जुळते.

"कोरी असती तर दीड हजार दिले असते," ते म्हणाले. "पण हा डाग कसला?"

पांढऱ्या पट्टीच्या ऐन मध्यावर काकांचा अंगठा रेषान्‌रेषा उमटला होता.

"मग आता?"

"आता पाचशे. तेही तुम्ही इतक्या लांबून आलात म्हणून."

म्हणजे एका दुकानात जी आधी खोटी आणि मग पाच लाखांची ठरली, दुसऱ्यात दीड हजारांची होता होता राहिली, ती नोट अखेर पाचशेची निघाली. आणि पाचशेला मी ती या गृहस्थांना का द्यावी, याचे उत्तर मला सापडेना. मी ती परत खिशात घातली. तेव्हा त्यांनी तपासणीचे पन्नास रुपये मागितले. मी पन्नासची एक साधी, निर्दोष नोट पुढे केली, तर ती त्यांनी उजेडात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "दुसरी नाही का?"