'एका सुराच्या बाधे'बद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या पंधरवड्यात भजनी मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरणारा एक मजकूर मालवणजवळच्या एका वाडीत माझ्या चुलत बहिणीच्या घरी येऊन पोहोचला. त्याचा गोषवारा असा: रोममधील जाचिंतो शेल्सी नावाच्या माणसाच्या नावावर एकाच सुराच्या चार वाद्यवृंद-रचना आहेत, त्या त्याच्या नव्हेतच, एका मृतात्म्याने त्या सुचवल्या आणि एका पगारी माणसाने कागदावर उतरवून पुढे तशी कबुली दिली, त्यांत 19 हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला 19 कंपनांची), कानाला न कळणारी लहर दडवलेली आहे, शेवटी उलटा ओंकार आहे, आणि ऐकताना ज्याच्या अंगावर काटा येईल त्याला बाधा झाली असे समजून तीन दिवसांत उतारा करावा. माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने मोबाईल उशाशी ठेवून ती रचना ऐकली, ती घाबरली, दोन रात्री झोपली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिच्यावरून नारळ उतरवून तिठ्यावर ठेवण्यात आला. वर्गातील मुलींना हे कळल्यापासून ती शाळेत जायला तयार नाही. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्यात मी वेळ घालवला नसता.

19 हर्ट्झची गोष्ट चटकन संपवतो. ती विक टँडी या इंग्लिश अभियंत्याच्या 1998 च्या लेखातून उचललेली आहे. कॉव्हेंट्रीतील प्रयोगशाळेत लोकांना जे अस्वस्थ वाटत होते, त्याचे कारण त्याने हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यामुळे उठणाऱ्या 19 हर्ट्झच्या लहरीत शोधले. संगीताचा तेथे संबंधच नव्हता. नेहमीच्या पियानोची सर्वांत खालची पट्टीसुद्धा 27.5 हर्ट्झची असते, आणि मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून त्याच्या कितीतरी वरचे खर्ज सूरही धड निघत नाहीत. उशाशी ठेवलेल्या फोनमधून ही लहर भाचीपर्यंत पोहोचली कशी, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा सांगावे.

खरा अपराध बाधेच्या मुद्द्यात आहे. मजकुरातल्या चार रचना म्हणजे 1959 च्या एकाच रचनेचे चार भाग आहेत, आणि ते प्रत्येकी एका सुराभोवती फिरतात. आपल्या पेटीच्या भाषेत अनुक्रमे पांढरी चार, पांढरी सात, काळी चार आणि पांढरी सहा. सूर एकच असला तरी तो स्थिर नसतो: एक वाद्य त्याच्या किंचित वर सरकते, दुसरे किंचित खाली, कोणी थरथरते, कोणी एकदम मोठे होते. चाल पुढे सरकेल म्हणून वाट पाहणाऱ्या कानाला चाल मिळत नाही आणि तो सुराच्या पोटात काय चालले आहे ते ऐकू लागतो. हे अनोळखी असल्यामुळे भीती वाटू शकते, आणि भाचीला वाटलेली भीती खरी होती हे मी नाकारत नाही; पण आधी 'बाधा होईल' असे वाचून मग अंधारात ऐकणाऱ्याला दुसरे काय वाटणार? दुसऱ्या दिवशी तीच रचना मी ओटीवर भर दुपारी लावली, तेव्हा तिचे आजोबा सुपारी कातरत म्हणाले, "अजून सूरच लायतत, वाजवूक कधी लागतले?"

मग मंडळाची दुहेरी सुरांची पेटी काढली. खारी हवा आणि गंज यांमुळे तिच्या पांढरी चारचा एक सूर जोडीदारापेक्षा थोडा उतरला आहे. एक खुंटी ओढली की सूर सरळ लागतो. दुसरीही ओढली की तोच सूर लाटेसारखा वर-खाली होऊ लागतो. 350 आणि 347 हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो, एवढेच ते आहे. भाचीने भाता स्वतः हाती घेतला, पट्टी बराच वेळ दाबून ठेवली, आणि "हेच होते ते" असे म्हणून ती हसली.

आता लेखकत्वाचा वाद. येथे मजकुरात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. शेल्सी स्वतःला रचनाकार न म्हणता निरोप पोहोचवणारा म्हणवून घेत असे, त्यामुळे मृतात्म्याच्या गोष्टीला त्याने स्वतःच खतपाणी घातले. 1988 मध्ये तो वारला आणि 1989 च्या जानेवारीत विएरी तोसात्ती या संगीतकाराने एका इटालियन नियतकालिकात जाहीर केले की जाचिंतो शेल्सी म्हणजे मीच. शेल्सी ओंडिओला नावाच्या विद्युत वाद्यावर सूर छेडून ते फितीवर ध्वनिमुद्रित करी आणि तोसात्ती मोबदला घेऊन त्यांवरून वाद्यवृंदाची लिखित संहिता तयार करी, यात वाद नाही. मात्र त्या फिती रोममधील इसाबेल्ला शेल्सी प्रतिष्ठानात जपलेल्या आहेत, आणि एवढी एक गोष्ट 'सगळे माझेच' या दाव्याला पुरून उरते: लिहून घेण्यासारखे काही आधी वाजवले गेले होते. शिवाय तोसात्तीचे स्वतःच्या नावावरचे संगीत, उदाहरणार्थ मुष्टियुद्धावरचा 1953 चा ऑपेरा, अगदी वेगळ्या वळणाचे आहे. श्रेय किती कोणाचे यावर जाणकारांनी खुशाल भांडावे. आपल्याकडेही चाल बुवांची आणि वहीतले नोटेशन पेटीवाल्याचे असते. पेटीवाल्याचे नाव वहीवर नसते, ही त्याची तक्रार रास्त असू शकते, पण त्यामुळे चाल भुताची ठरत नाही.

उरला ओंकार. तो या चार तुकड्यांत नाहीच. 'कोंक्स-ओम-पाक्स' या शेल्सीच्या 1969 च्या वेगळ्याच रचनेच्या शेवटच्या भागात गायकवृंद ओम म्हणतो, उघडपणे आणि सुलटा.