हॉटेल काढलंत? आता स्टाफ असा सांभाळा

अभिनंदन! दादरसारख्या ठिकाणी हॉटेल काढलंत. इटालियन मार्बल, छताला झुंबर, मेन्यूकार्ड लग्नपत्रिकेहून जड. मुख्य खर्च झाला. आता उरली माणसं, आणि त्यांच्यावर पैसा घालवायचं काही कारण नाही.

सुरुवात ब्रेक शिफ्टने करा. सकाळी अकरा ते चार, मग सात ते शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत. मधले तीन तास पोरांचे स्वतःचे! विरारचा पोरगा तेवढ्यात घरी जाऊन येऊ शकत नाही, हा भूगोलाचा दोष. तो माळ्यावर तांदळाच्या गोणींवर पडेल. शेवटची लोकल चुकली तर रात्रीही तिथेच, म्हणजे सकाळी हजेरी पक्की. अशा पोराने अंगठा बुडवून सूप आणलं की त्याला गिऱ्हाइकासमोरच झापा. मालकाचं लक्ष आहे, हे दिसलं पाहिजे. पुढचं ताट तो टेबलावर कसं आदळतो, ते बघायला मात्र थांबू नका.

राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणतो, आठवड्याला एक सुट्टी द्या, जादा कामाचे दुप्पट पैसे द्या. म्हणू दे. तुमच्याकडे जादा काम नसतंच. असतं ते ‘आज जरा थांब रे’.

जेवणाचं म्हणाल तर कालची डाळ, तीही साडेचारला. उपाशी माणूस सुरमईचं वर्णन फार मनापासून करतो.

ट्रेनिंग वगैरे भानगडीत पडू नका. काल आलेल्या पोराला आज सहा टेबलं द्या. एखाद्या बाई विचारतील, ‘कोशिंबिरीत दाण्याचं कूट आहे का? मला ॲलर्जी आहे.’ आत जाऊन विचारलं तर आचारी खेकसतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. तो तिथेच उभा राहून ‘नाही’ सांगेल. केवढा आत्मविश्वास!

बिलात दहा टक्के सेवा शुल्क न विचारता लावा. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सक्तीने घेता येणार नाही असं सांगितलंय खरं, पण दिल्ली लांब आहे. कोणी हुज्जत घातलीच तर ‘स्टाफसाठी आहे हो’ म्हणा. स्टाफ तेव्हा जवळपास नाही, एवढं बघा.

एवढं करूनही पोरं सोडून जातील. त्यातही नेमका तो जाईल, ज्याला कोपऱ्यातल्या आजोबांचा चहा बिनसाखरेचा, हे सांगावं लागत नव्हतं. त्याचा शेवटचा पगार दोन महिने अडकवा. आजोबा लवकरच समोरच्या हॉटेलात दिसतील, त्याच पोराच्या टेबलावर. तुम्ही गल्ल्यावर बसून म्हणा, ‘हल्ली लोकांना काम करायलाच नको.’

आणि ‘वेटर पाहिजेत’ची पाटी दर महिन्याला पुठ्ठ्यावर कशाला लिहिता? एकदाच पत्र्यावर ऑइल पेंटने रंगवून घ्या. स्वस्त पडते.