व्हेनिस जेम्सचं की जॅनचं?

ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस (आधीचं नाव जेम्स) यांच्याबद्दलचा एक मजकूर फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंतही आला. त्याचा सारांश असा: 'एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी देणारा जेम्स मॉरिस लहर आली म्हणून १९७२ मध्ये बाई झाला. बायकोमुलांना वाऱ्यावर सोडलं, लेखणीही संपली. व्हेनिसवर प्रेम होतं ते जेम्सचं. जॅननं पुस्तकावरचं नाव तेवढं बदललं.'

यातली एव्हरेस्टची बातमी खरी. ती २ जून १९५३ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आली.

आता ती लहर. आई पियानो वाजवतेय, आपण पियानोखाली बसलोय आणि आपला देह चुकलाय हे कळतंय, ही मॉरिस यांनी लिहिलेली आठवण तीन-चार वर्षांच्या वयाची आहे. हार्मोन्स घेणं सुरू झालं १९६४ मध्ये, शस्त्रक्रिया झाली १९७२ मध्ये. आठ वर्षं टिकते ती कसली लहर?

संसाराची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांची अट होती, आधी घटस्फोट घ्या. मॉरिस यांना ते मान्य नव्हतं, म्हणून शस्त्रक्रियेसाठी त्यांनी मोरोक्कोतलं कासाब्लांका गाठलं. पुढे कायद्यापायी घटस्फोट घ्यावाच लागला, पण पत्नी एलिझाबेथ आणि जॅन वेल्समध्ये एकत्रच राहिल्या आणि २००८ मध्ये त्यांनी सिव्हिल पार्टनरशिपची, म्हणजे लग्नासारख्या कायदेशीर नात्याची, नोंदणी केली. दोघींच्या नावांचा थडग्याचा दगड कोरून घेतलेला होता, तो कित्येक वर्षं घरातच जिन्याखाली पडून होता. वाऱ्यावर सोडणं म्हणतात ते हे?

लेखणीबद्दल एक सोपी परीक्षा. ब्रिटिश साम्राज्यावरच्या त्यांच्या तीन खंडांपैकी पहिला १९६८ मध्ये, शस्त्रक्रियेच्या आधी आला, शेवटचा १९७८ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर. साल झाकून वाचा आणि सांधा दाखवा. शिवाय १९८५ मध्ये त्यांची कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत होती.

एक मात्र कबूल करते. १९७४ च्या आत्मकथनात त्या लिहितात, की गाडी रिव्हर्स घेणं, बाटली उघडणं बाईला जमत नाही असं लोक धरून चालले, आणि मग मलाही ते जमेना. मी रोज गाडी रिव्हर्स घेते, तेव्हा हे मला पटत नाही. पण वाद घालायचा तर त्यांनी लिहिलेल्या वाक्याशी घालावा.

राहिलं व्हेनिस. महायुद्धाच्या अखेरीस कोवळ्या वयातला सैन्याधिकारी म्हणून ते शहर पहिल्यांदा पाहिलं, १९६० मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. इथवर जेम्स. पण १९८० मध्ये व्हेनिसच्या सागरी साम्राज्यावर लिहिलं ते जॅन यांनी. दोन वर्षांनी त्या शहरातल्या पशुपक्ष्यांवर लिहिलं, तेही जॅन यांनीच. आणि २०१४ मध्ये, नव्वदीला टेकताना, व्हेनिसचा जुना चित्रकार कार्पाचो याच्यावर एक छोटं, लाडानं भरलेलं पुस्तक. त्याचं एक चित्र आजही व्हेनिसमध्येच आहे: संत ऑगस्टीन लिहिता लिहिता थांबून खिडकीकडे पाहतोय, आणि फरशीवर बसलेलं पांढरं कुत्रंही मान वर करून तिकडेच बघतंय.