सरांच्या नावाची स्मार्ट लॅब आणि कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान

सकाळी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. सरांच्या स्मरणार्थ कॉलेजात 'स्मार्ट लॅब' होणार म्हणे. भिंतभर टच पॅनेल, त्यावर व्हर्च्युअल प्रयोग, दारावर सरांचा फोटो. खाली अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस. सरांनी जन्मात कधी व्हर्च्युअल प्रयोग केला होता का, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही.

त्याच ग्रुपवर जरा वर, कोपऱ्यावरचं जुनं हार्डवेअरचं दुकान कायमचं बंद झाल्याची बातमी होती. त्यावर दोन 'अरेरे' आणि एक 'चला, पार्किंगला जागा झाली'. संपलं. सर गेले ही एक बातमी आणि दुकान गेलं ही दुसरी, असं ज्यांना वाटतंय ते सरांच्या वर्गात बसलेच नव्हते. हजेरी लागली असेल, तो भाग वेगळा.

वीज आणि चुंबकाचं नातं सांगणारा लेन्झचा नियम आम्हाला फळ्यावर कळलाच नव्हता. सरांनी अर्ध्या तासात ओळखलं, खडू ठेवला आणि सगळ्यांना घेऊन दुकानात गेले. "शेठ, तांब्याचा पाईप द्या, हातभर." शेठनी सवयीप्रमाणे विचारलं, "कशाला पाहिजे?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे. तुम्ही साधा एक स्क्रू मागा, आधी "कशाला?" आणि उत्तर ऐकून बहुतेक वेळा "मग हा नको, तो न्या."

सर म्हणाले, "यातून चुंबक सोडायचंय." शेठनी सरांच्या हातातलं नियोडिमियमचं चुंबक घेतलं, पाईपला लावून पाहिलं. "हे चिकटत नाही हो सर." सर म्हणाले, "तेच तर."

आधी प्लास्टिकच्या पाईपमधून सोडलं. टपकन खाली. मग तांब्याच्या. चुंबक आत गेलं आणि खालून काही येईना. शेठ वरून डोळा लावून म्हणाले, "अडकलं." तेवढ्यात ते संथपणे खाली उतरून सरांच्या तळहातावर पडलं. शेठनी ते उचललं आणि स्वतः पुन्हा सोडलं. मागे गिऱ्हाईकं ताटकळत उभी. कुणीतरी नुसते वायसर मागत होतं. शेठचं लक्षच नव्हतं.

हे पॅनेलवर दाखवता येईल? येईल की. रंगीत बाण फिरतील, आवाजही येईल. पण पॅनेलवरचं चुंबक प्रोग्रामात लिहिलंय म्हणून हळू पडतं. खऱ्या पाईपातलं कुणी सांगितलं म्हणून हळू पडत नाही. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी सरांच्या नावाने वर्गणी गोळा करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

शोकसभेतसुद्धा हेच. एकामागून एक वक्ते उठले. पदव्या, शोधनिबंध, किती विद्यार्थी परदेशी गेले. एकाने तर "सर मोठे जुगाडू होते" असं हसत हसत सांगितलं. जुगाडू! फॅरेडेने 1831 मध्ये लोखंडी कड्यावर तारेची वेटोळी गुंडाळली तेव्हा वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सुतळी आणि सुती कापड वापरलं होतं. लोहाराचा पोरगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. त्याच्या त्या कड्यातून पुढे ट्रान्सफॉर्मर आले. त्याला म्हणा जुगाडू.

आणि शेठ त्या सभेत शेवटच्या रांगेत बसले होते. दोन शब्द बोला म्हणून त्यांना कुणी बोलावलं नाही.

आता ज्यांना वाटतंय की मी एका धुळकट दुकानासाठी उगाच गळा काढतोय, त्यांच्यासाठी थोडं. त्या दुकानात छतापर्यंत लाकडी खण होते. प्रत्येक खणाच्या तोंडावर, आत जो माल असेल त्याचा एकेक नमुना तारेने बांधलेला. नावाची चिठ्ठी नाही, वस्तूच. चुका, बिजागरी, कोयंडे, पितळी स्क्रू, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट. शेठ बोल्टच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि न बघता सांगायचे, "हा त्या नटात जाणार नाही, जबरदस्ती केलीस तर आटे जातील."

का जाणार नाही, ते सर सांगायचे, तिथेच काउंटरला टेकून. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं, 55 अंशाच्या कोनाचे आटे. आजच्या मेट्रिक बोल्टचा कोन 60 अंश. दिसायला भावंडं, पण एकमेकांत बसणार नाहीत. जस्ताचा मुलामा खरवडला तरी आतलं लोखंड लगेच का गंजत नाही, हेही तिथेच कळलं. जस्त स्वतः आधी झिजतं, लोखंडाला वाचवतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा अख्खा धडा एका गंजक्या बोल्टावर उरकला होता सरांनी, आणि शेठ मध्येच म्हणाले होते, "म्हणूनच मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पितळी स्क्रू देत नाही, पत्राच आधी झिजतो." सरांनी तेवढ्यावर आणखी वीस मिनिटं घेतली असतील.

मान्य, शेठ तिरसट होते. मान्य, ऑनलाइन मागवलं तर दुसऱ्या दिवशी दारात येतं आणि शंभराचं पाकीट स्वस्तही पडतं. पण मला शंभर नको असतात हो. एक पाहिजे असतो. आणि तो चुकीचा आहे हे सांगणारा माणूस पाहिजे असतो.

हं, तर तो पाईप. खरी गंमत पुढेच आहे आणि ती शोकसभेत कुणी सांगितली नाही. शेठनी चुंबक परत दिलं आणि विचारलं, "सर, पाईप उभा चिरला तर?"

सर थांबले. त्यांना उत्तर माहीत नसेल असं मला वाटत नाही. ते फक्त म्हणाले, "चिरा." शेठनी पाईप शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसमध्ये, घट्ट धरला, हॅक्सॉ घेतलं आणि आम्ही पोरं आळीपाळीने चिरत बसलो. तांब्याचा किस हाताला, बुटांवर, सगळीकडे. कड कानशीने घासून घेतली. मग चुंबक सोडलं तर ते आधीपेक्षा चांगलंच वेगात खाली आलं. तेव्हा सरांनी विचारलं, "का?" आणि मागच्या बाकावरचा एकजण, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, "गोल फिरायला रस्ताच राहिला नाही."

बरोबर! चुंबक खाली येताना पाईपच्या अंगात विजेचे भोवरे फिरतात, ते चुंबकाच्या हालचालीला विरोध करतात. पाईपभोवती गोल फिरायची वाट चिरेने तोडली की ते दुबळे पडतात. पूर्ण थांबत नाहीत, म्हणून प्लास्टिकइतकं सुसाट पडत नाही. लेन्झने 1834 मध्ये मांडलेला नियम त्या दिवशी हॅक्सॉने कळला. आणि प्रश्न कुणाचा होता? दुकानदाराचा. सर नंतर प्रत्येक बॅचला तो प्रयोग दाखवताना आवर्जून सांगायचे की हा प्रश्न शेठचा.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. दुकान बंद झालं त्यात कुणा एकाचा दोष नाही. शेठचं वय झालं, मुलाला त्यात रस नाही आणि त्याने का घ्यावा? ग्रुपवरचे मित्रही वाईट नाहीत. सरांवर प्रेम आहे म्हणूनच खिशात हात घालतायत. पॅनेल लावा बाबांनो, ग्रहांची गती वगैरे त्यावर छान दिसेल, तेवढ्यापुरतं माझं काही म्हणणं नाही.

पण माझी वर्गणी पॅनेलला मिळणार नाही. एक शेगडा, एक भक्कम टेबल, कानशी, हॅक्सॉ, पाने, तांब्याचे, ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकचे पाईप आणि पोरांना हात लावायची मुभा, एवढं घेणार असाल तर सांगा, आज पैसे पाठवतो. 'हात लावू नये' असली पाटी लागली तर परत मागेन. उद्घाटनाला शेठना बोलवा, फीत त्यांच्या हातून कापा. कुणाला पाहुणा म्हणून मंत्रीच पाहिजे असेल तर त्याला शेवटच्या रांगेत बसवा.

आणि एक काम. त्या खणांचं कपाट अजून भंगारवाल्याकडे गेलं नसेल तर ते लॅबला पाहिजे. शेठच्या मुलाचा नंबर कुणाकडे असेल तर इथे टाकू नका, मला इनबॉक्स करा. टेम्पोचं मी बघतो, उचलायला चार माणसं लागतील.